मेक्सिकोचा बाजार, मुक्काम शिरूर

प्रवासाचं लिहायचं तर माणसानं काशी-रामेश्वराचं लिहावं, गेला बाजार महाबळेश्वराचं तरी. मी लिहितेय दौंड आणि शिरूरचं. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आमच्या भांडगावातल्या अर्ध्या बायकांनी दौंड पाहिलंय, आणि शिरूर भीमेच्या पलीकडं, तिथं लेक दिलेली नसेल तर कुणी मुद्दाम जात नाही. तरी महिला मंडळात सगळ्यांनी धोशा लावला, की ते चार दिवस तुम्ही नवराबायको होता कुठं? मेक्सिकोच्या बाजाराला गेलो होतो म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्याचं मूळ गहू. आमचे हे सोसायटीचे चेअरमन, गाव त्यांना आप्पा म्हणतं. गेल्या साली रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळत होता आणि त्याची भाकरी खाऊन पोरांची तोंडं वाकडी झाली होती. कालव्याच्या पाण्यावर आम्ही गहू केला, खत घातलं, तर तो छातीएवढा वाढला आणि ओंब्या भरायच्या वेळी लोळला. त्यातून उभा राहिला त्याच्यावर तांबेरा पडला. तशात सरकारचं पत्र आलं, की मेक्सिकोत बुटका गहू निघालाय, तो बघायला काही शेतकरी चार महिन्यांसाठी पाठवायचे आहेत, त्यात यांचं नाव आहे. राहायला खोली मिळेल, जेवणाखाण्याचं ज्याचं त्यानं बघायचं.

या शेवटच्या ओळीवर मी बोट ठेवलं.

आता सांगते, आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि तेवीस वर्षांत यांनी कोथिंबिरीची एक जुडी विकत आणलेली नव्हती. विकायचं विचाराल तर यार्डात उभे राहून पन्नास पोती कांद्याचा भाव पैशापैशाला ओढून धरतील. पण विकत घ्यायला बसणं म्हणजे बायकांचं आणि गड्यांचं काम. गावच्या मोठ्या माणसानं वांग्याचा भाव विचारायचा? शोभतं का! त्यामुळं पायजमा कितीला येतो, मीठ कुठं मिळतं, हे ह्यांना ठाऊक नाही. स्वयंपाक येत होता हं, शेतावर वस्तीला राहून पिठलं-भाकरी शिकले होते. पण पीठ डब्यात आपोआप येतं, अशी त्यांची समजूत असावी.

मी म्हटलं, "एक आठवड्याचा बाजार एकट्यानं करून आणा. मग खुशाल जावा. न्हाईतर तिकडं उपाशी मराल आन् मी इथं कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"येवढंच ना? उद्या आणतो," हे म्हणाले.

खरं लिहायचं तर ही अट मी ह्यांच्या पोटाच्या काळजीनं घातली नव्हती. मला ह्यांनी जायलाच नको होतं. चार महिने, समुद्रापलीकडं, विमानातनं! मला खात्री होती की बाजार यांना जमायचा नाही आणि माझं काम परस्पर होईल. हे कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

दौंड, पहिला दिवस

केडगावहून पॅसेंजरनं दौंडला आलो. रेल्वेच्या वसाहतीपलीकडं एक फादर राहतात, मूळचे स्पेन देशाचे. विहिरींच्या कामात त्यांची आणि यांची ओळख झालेली. मेक्सिकोत त्यांचीच भाषा चालते, तेव्हा बाजारापुरती शिकून घ्यावी, असा बेत. मला वाटलं होतं, गोरा साहेब इंग्रजी झाडेल. तर फादर सायकलवरनं उतरले आणि म्हणाले, "या वहिनी, या. उन्हाचं आलासा. आधी गूळपाणी घ्या." वीस वर्षं नगर जिल्ह्यात काढलेली. झगा पांढरा आणि बोली आमच्यापेक्षा रांगडी!

ओसरीवर चटई टाकली. फादरांनी मधे दोन लिंबं, एक कांदा आणि आपला चष्म्याचा डबा मांडला. हे झालं मेक्सिकोचं दुकान.

"पहिलं वाक्य, ब्वेनोस दियास. म्हंजी रामराम."

"वांगी घ्यायच्या आधी रामराम?" मी विचारलं.

"व्हय. तिकडं रामराम न करता भाव विचारला तर माणूस अडाणी ठरतो."

बघा आता. आपल्याकडं भाजीवालीला कुणी हात जोडून रामराम घातला तर ती आधी टोपलं झाकील. पुढचं वाक्य 'क्वांतो क्वेस्ता', म्हणजे केवढ्याला. 'मेदियो किलो' म्हणजे अर्धा किलो. सरकारनं आमचे शेर मोडून किलो आणला तेव्हा आम्ही किती बोटं मोडली होती, पण मेक्सिकोतही किलोच आहे म्हटल्यावर जरा बरं वाटलं. 'मुय कारो' म्हणजे लई महाग. 'एल काम्बियो' म्हणजे मोड परत द्या. आणि घेतलं तरी 'ग्रासियास', न घेतलं तरी 'नो, ग्रासियास', म्हणजे नको, आभारी आहे. फादर म्हणाले, आमच्या स्पेनात ह्याचा उच्चार जिभेचं टोक दातात धरून करतात, पण तुम्ही मेक्सिकोवाल्यांसारखा सरळ करा, नाहीतर जीभ चावेल.

आभाराचं मला काही पटेना. पैसे आपण द्यायचे आणि आभारही आपणच मानायचे? पण मी भराभर म्हणत गेले. मला सगळं दुपारपर्यंत पाठ झालं. हे मात्र चेअरमनच्या सभेतल्या आवाजात "क्वांतो! क्वेस्ता!" असं ओरडत होते. फादर म्हणाले, "आप्पा, लिंबाला घाबरवू नका."

"हिला धाडा की मेक्सिकोला," हे चिडून म्हणाले.

"मला बाजार येतोय. गहू तुम्हांला येतोय," मी म्हटलं.

दौंड, दुसरा दिवस

सकाळी पिशवी देऊन यांना भाजीबाजारात सोडलं. फादर आणि मी मागं दहा पावलांवर. फादरांचा हुकूम होता, की आधी स्पॅनिश म्हणायचं, मग मराठी, म्हणजे जिभेला वळण पडेल.

पहिल्याच टोपल्यापाशी हे म्हणाले, "ब्वेनोस दियास. क्वांतो क्वेस्ता?"

मिरचीवाली उठून उभी राहिली. पदर सारखा करून म्हणाली, "आगं बया, आप्पा तुम्ही? तुम्ही कशाला आलासा उन्हातान्हाचं? माणूस न्हाई व्हय घरी? द्या ती पिशवी इकडं." आणि तिनं पिशवीत दोन ओंजळी मिरच्या ओतल्या. हे पैसे काढायला लागले तर कानांना हात लावला. "तुमच्याकडनं घेऊ? आमच्या मालकांची सोसायटीची पाईपलाईन तुम्हीच केली न्हवं?"

तिथनं पुढं तेच. एकानं भोपळा दिला, एकीनं मेथी. चहावाल्यानं बाकडं पुसून बसवलं. एक म्हातारे तर विचारायला लागले, "आप्पा, ते काय म्हणत होतासा, क्वांतो का काय? ऊन लागलं का?" अर्ध्या तासात पिशवी भरली आणि खिशातला एक पैसा हलला नाही. हे मिशीवर हात फिरवत माझ्याकडं आले. "झाला का न्हाई बाजार?"

मी म्हटलं, "ह्याला बाजार म्हणत न्हाईत, ह्याला भिक्षा म्हणतात."

फादर हसून हसून खोकायला लागले. मग म्हणाले, "आप्पा, मेक्सिकोत तुमची पाईपलाईन कुणी बघितली न्हाई. जिथं तुम्हांला कुत्रंबी वळखत न्हाई, तिथं परीक्षा घेऊ." फादरांचं शिरूरला काही काम निघालंच होतं. आमच्या लिंबाची बाग दरसाल घेणारे बागवान शिरूरचे, उतरायला त्यांचं घर होतं. ठरलं.

शिरूर

एस.टी.बद्दल लिहीत नाही. धूळ तीच, खड्डे तेच. भीमा ओलांडताना मात्र मी हात जोडले, आणि मनात म्हटलं, आई, यांना नापास कर.

बागवान स्वतः माल घेऊन पुण्याला गेले होते. घरी त्यांच्या बायको, हमीदाभाभी. त्यांनी मला चुलीपाशी ओढून नेलं आणि पुरुषांच्या बरोबरीनं ताट वाढलं. आमच्याकडं बायका मागनं जेवतात, त्यामुळं मला घास गिळेना. "बाद में खाके काय ज्यादा मिळतं का ताई? उलट रस्सा संपतो," त्या म्हणाल्या. मटण होतं, त्यात खोबरं भाजून वाटलेलं, वर लिंबू पिळलेलं. यांनी मला बजावलं, की हे भांडगावात आईला कळता कामा नये, आणि तिसरी भाकरी मागितली. सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून लिहिलंय. कुणी वाचून दाखवू नका.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. केवढा बाजार तो! घोडनदीच्या काठच्या गावांतनं, वर पारनेरच्या बाजूनं माणसं लोटलेली. मी यांच्याकडनं यादी पाठ करून घेतली. वांगी, कांदे, मिरची, लसूण, कोथिंबीर, गूळ, मीठ. दहा रुपयांची नोट दिली. आम्ही तिघं हमीदाभाभींच्या ओट्यावर बसून राहिलो, कारण ह्या खेपेला मागनं जायचं नाही असं ठरलं होतं.

दीड तासानं हे आले. दोन्ही हातांत दोन पिशव्या, खांद्यावर उपरण्याचं गाठोडं, कपाळावर घाम. मी ओट्यावर एकेक काढून ठेवायला लागले. वांगी. परत वांगी. गाठोड्यात काय? वांगी! कोथिंबिरीच्या सहा जुड्या. कांदे तीन तऱ्हेचे. गूळ नाही, मीठ नाही, नोटेतले चार आणे उरलेले.

"आवो, ही पाच जणींची वांगी हायत," मी म्हटलं.

"मग? पाच जणींना भाव विचारला."

"भाव विचारला म्हणून घ्यायची?"

"विचारल्यावर न घेता कसं उठायचं?" हे खरोखर चकित होऊन म्हणाले. "तिनं टोपलं पुढं केलं, तोंडाकडं बघितलं. आपण दारात जाऊन न्हाई म्हणायचं? माणूस हाय का कोण? पहिलीची किडकी होती, दुसरीची महाग. पर तोंडातनं न्हाई यीना."

हमीदाभाभी पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. फादरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसले, पोट धरून हसले. आणि आतनं मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! आता कशाचं मेक्सिको नि कशाचं काय. चार दिवस वांगी खायची आणि घरी जायचं.

हे मात्र हसले नाहीत. ओट्याच्या कडेला बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "बरोबर हाय तुझं," म्हणाले. "उद्या अर्ज देतो, माझं नाव काढा म्हणून. दुसरा कुणीतरी जाईल." आणि जरा वेळानं, कुणाला उद्देशून नाही असं, "गुडघ्याएवढा ऱ्हातो म्हणं त्यो गहू. पाणी द्या, खत द्या, लोळत न्हाई. येकदा डोळ्यानं बघायचा व्हता."

हे वाक्य मी महिनाभर ऐकत होते. दर वेळी ते सभेतल्या आवाजात असायचं. आज इतकं हळू म्हणाले, की मला माझीच लाज वाटली. तेवीस वर्षांत ह्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही काय, तर एक गव्हाचं पीक बघायचं. आणि मी नदीला हात जोडून काय मागत होते!

मी उठले. एक टोपलं ओढलं, त्यात ती वांगी ओतली आणि ओट्याखाली फतकल मारून बसले. "या. मी भाजीवाली. मला न्हाई म्हणा."

"काय खुळी का काय तू?"

"मला न्हाई म्हणायला तुम्हांला कधी जड गेलं न्हाई. बांगड्या मागितल्या तवा न्हाई, माहेरी जाते म्हटलं तवा न्हाई. आता का जड जातंय? म्हणा!"

फादर म्हणाले, "वहिनी बराबर बोलत्यात."

हे समोर उभे राहिले. ब्वेनोस दियास केलं, भाव विचारला. मी दुप्पट सांगितला. हे म्हणाले, "मुय कारो. नो, ग्रासियास." आणि वळले. मी कपाळाला हात लावला, "आरं दादा, सकाळधरनं बोहनी न्हाई रं! पोरगं तापानं फणफणलंय..." यांचा हात लगेच खिशात गेला. फादरांनी तो धरून बाहेर काढला. पुन्हा पहिल्यापासनं. मग हमीदाभाभी भाजीवाली झाल्या. त्यांनी तर असा गळा काढला की शेजारची माणसं बघायला आली.

"न्हाई म्हणायचं, वाईच हसायचं, आन् चालू लागायचं," फादरांनी समजावलं. "मागं बघायचं न्हाई. ती तुमच्यावर रागवत न्हाई आप्पा. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघती. तुम्ही काय तिच्या घरचा सोयरा न्हाई."

हे यांना नवीन होतं. भांडगावात यांना प्रत्येक जण काही ना काही लागत होता. आपण कुणाचे कुणी नाही आणि नुसतं गिऱ्हाईक आहोत, हे कळायला त्यांना पाचवी खेप लागली. मग म्हणाले, "द्या पैसं. बाजार उठायच्या आत जातो."

आता मी ओट्यावर थांबणार होते थोडीच! डोक्यावरनं पदर ओढून मागोमाग गेले.

लसणाची एक म्हातारी होती. यांनी वाकून रामराम केला, दोन्ही भाषांत. भाव विचारला, गड्डा हातात घेतला, खाली ठेवला. ओठ हलले, मुय कारो म्हणाले असणार. म्हातारी खेकसली, "घ्याचं न्हाई तर हात कशाला लावला?" यांचे कान लाल झाले. उभेच राहिले. मी पदर दातात धरला. मग ते हसले, अगदी अवघडून, नव्या नवरीसारखे, आणि म्हणाले, "न्हाई मावशी. ग्रासियास." आणि निघाले. मागं बघितलं नाही.

म्हातारी शेजारणीला म्हणाली, "येडं हाय गं. पर गोड हाय."

पुढच्या टोपल्यावर त्यांनी भाव दोन आण्यांनी खाली आणला. गूळ वास घेऊन घेतला. मिठाच्या दुकानात मोड हातावर घेऊन 'उनो, दोस, त्रेस' असं मोजलं, एक नाणं कमी होतं ते मागून घेतलं. मी गर्दीत उभी राहून बघत होते आणि छातीत धस्स झालं. पास झाले की हो!

ओट्यावर येऊन पिशवी माझ्यापुढं ठेवली आणि पोरासारखे समोर बसले. मी एकेक जिन्नस बघितला. वांगी एकाच जातीची, अर्धा किलो. सकाळची पोतंभर शिल्लक असताना परत वांगी का, तर यादीत होती म्हणून! मिरची मात्र कालची, देठ सुकलेले. नापास करायला तेवढं पुरलं असतं.

"मिरची शिळी हाय," मी म्हटलं.

"मग?" यांचा चेहरा उतरला.

"मग काय. तिकडं घेताना देठ बघत जावा."

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी एकदम पागोटं डोक्यावर ठेवलं आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले, आम्हांला डोळे दिसू नयेत म्हणून. फादर हमीदाभाभींना म्हणाले, "चहा टाका, साखर जास्त." मी आत गेले आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून रडून घेतलं. भाभींनी पाठीवर हात ठेवला.

भांडगाव

तर हे गेले. विमानाचं, मुंबईचं मी लिहीत नाही. ते माझं मी बघितलेलं आहे आणि माझ्याजवळच ठेवते.

जाऊन आज दोन महिने झाले. घर मोकळं वाटतं. बाजार तर मीच करत होते, गडी, मोट, सोसायटीची माणसं, सगळं चाललंय. पण संध्याकाळी कुणावर डाफरायचं, हा मोठा प्रश्न पडतो. मांजरावर किती डाफरणार?

परवा पत्र आलं. तीन पानं नुसता गहू. बुटका आहे, टपोरा आहे, वाऱ्यात उभा राहतो, आपल्याकडं कालव्याखाली होईल, अमुक करा, तमुक करा. शेवटी अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहावं तशा बारक्या अक्षरात दोन ओळी:

"बाजार रोज स्वतः करतो. इथं टमाट्याची एक बाई आहे, ती अगदी तुझ्यासारखी खेकसते. सात दिवसांचं एकदम घेत नाही. रोज दोन टमाटे घेतो. तिच्याशी भाव करत नाही."

मी ते पत्र चुलीपाशी बसून चारदा वाचलं. रडले, लपवत नाही. मग दिवा पुढं ओढला आणि उलटटपाली लिहिलं, की भाव करा. ती बाई तुम्हांला लुटत असेल. आणि लवकर या.